मच्छरदाणीचा तुकडा

जांघेत लिंबाएवढी गाठ. खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. जुना शब्द अंतर्गळ, पण आता सगळे हर्नियाच म्हणतात. पोटाची भिंत एका जागी कमकुवत होते आणि तिथून आतडं बाहेर डोकावतं. ओझी वाहणारी माणसं ती गाठ हाताने आत ढकलून वर्षानुवर्षं काम रेटतात. मग एखाद्या दिवशी आतडं तिथेच अडकतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाताशी काही तासच उरतात.

पूर्वी ही फट नुसती शिवत. पण दोन्हीकडचे स्नायू ओढून घातलेल्या टाक्यांवर ताण येतो, हर्निया पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून आता फटीवर प्लास्टिकची जाळी बसवतात. कुडाची भिंत पाहिली असेल तर हे चटकन कळेल. काड्यांचा कूड नुसता आधाराला. भिंत उभी राहते ती त्यावर लिंपलेल्या मातीने. जाळीच्या छिद्रांतून शरीराच्या पेशी शिरतात, कोलॅजन या प्रथिनाचे तंतू विणतात आणि तिथे घट्ट थर तयार होतो.

गोम आहे ती किमतीत. तळहाताएवढी तयार जाळी शंभर डॉलरच्या वर जाऊ शकते. ती ज्याच्या पोटात बसवायची, त्याची कित्येक महिन्यांची कमाई तेवढी नसते.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी नव्वदच्या दशकात साध्या मच्छरदाणीचं कापड हाती घेतलं. तेही प्लास्टिकच, आणि छिद्रं मोठी, वजन हलकं. त्यांनी व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 359 हर्नियांचा अनुभव प्रसिद्ध केला. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मात्र अजिबात चालत नाही. शिवाय निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, 121 अंशांवरच ठेवायचं. तापमान फार चढलं की जाळी आकसते.

पुढे ही जाळी स्वयंसेवक सर्जनांच्या सामानातून आफ्रिकेत पोचली. ‘ऑपरेशन हर्निया’ या ब्रिटिश उपक्रमाची सुरुवात 2005 मध्ये घानातल्या ताकोराडीत झाली. सुट्टी टाकून, पदरमोड करून येणाऱ्या या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे. पण गरिबांना मच्छरदाणी आणि श्रीमंतांना खरी जाळी, हा संशय नुसत्या सद्भावनेने फिटत नाही. त्याला चाचणीच लागते.

ती युगांडात झाली. सुमारे तीनशे पुरुष; कोणाला मच्छरदाणी, कोणाला महागडी जाळी, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. निष्कर्ष 2016 मध्ये आले. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, दुसऱ्या गटात कोणाचाच नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारी दोन्हीकडे जवळपास सारख्या, तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फरक उरला तो किमतीचाच.

जाळीचा प्रश्न असा सुटला, हातांचा नाही. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातल्या 500 कोटी लोकांच्या आवाक्यात नाही, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा 2015 चा अंदाज होता. पाहुणे सर्जन पंधरा दिवसांत परततात, गाठी काही थांबत नाहीत. सिएरा लिओनमध्ये त्यासाठी डॉक्टरची पदवी नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाच शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांनी जाळी बसवलेल्या रुग्णांची डॉक्टरांच्या रुग्णांशी तुलना 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. कर्मचारी कुठेही कमी पडले नव्हते.