पाच मिनिटं झाडाखाली: शाळांसाठी माहिती

मुलांनी पाच मिनिटं झाडाखाली बसून नुसतं बघायचं-ऐकायचं, एवढंच आमचं सत्र. त्याची तारीख ठरली की शाळेतून हमखास विचारणा होते, “शेवटी मुलांकडून काय लिहून घ्यायचं?” काहीही नाही. तरीही आम्ही पोहोचतो तेव्हा मुलांच्या हातात वही-पेन असतंच, म्हणून हे जरा सविस्तर.

परिपाठ संपल्यावर एका तुकडीने मैदानातल्या झाडाखाली बसायचं. ताठ बसायची सक्ती नाही, डोळे मिटायचीही नाही. एखाद्या दिवशी नुसतं ऐकायचं. नवा आवाज आला की एक बोट दुमडायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर तांबट पक्ष्याची टुक-टुक शहरातसुद्धा ऐकू येते, आणि कुठेतरी ठोकाठोक चालली आहे असं मुलांना आधी वाटतं. एखाद्या दिवशी पिंपळाचं एकच पान बघायचं. आजूबाजूची झाडं स्तब्ध असतानाही ते हलत असतं, कारण त्याचा देठ लांब आणि बारीक असतो. हे मुलांना सांगू नका. दोघं-तिघं देठ चिमटीत धरून पान फिरवून बघतात आणि त्यांचं त्यांना कळतं.

“नंतर दहा ओळी लिहायच्या आहेत” असं आधीच जाहीर झालं, तर मुलं पान बघत नाहीत, उत्तर शोधतात. शेजारच्याच्या वहीत डोकावतात. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये याचं कारण सविस्तर मांडलं होतं. अभ्यासासाठी नेटाने टिकवलेलं लक्ष थकतं. हलणारी पानं, ढग, पाणी यांच्याकडे ते विनासायास जातं आणि तेवढ्यात त्याला विसावा मिळतो. वही उघडली की तो विसावा संपला. पुढची दोन-तीन सत्रं मग “बाई, हे लिहायचंय का?” ही सवय मोडण्यातच जातात, आणि पैसे शाळेचेच गेलेले असतात.

पालकांना काहीतरी दाखवावं लागतं, हे आम्हालाही कळतं. म्हणून सत्राचा एक पानी अहवाल आम्हीच लिहून देतो. वर्कशीट मात्र मागूनही देत नाही. मुलांना लिहावंसं वाटलंच, तर दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला खुशाल लिहू द्या.

मैदान नसलं तरी अडत नाही. जुन्या इमारतींच्या भिंतीत कुठेतरी पिंपळाचं रोप उगवलेलं असतंच, ते खिडकीतून दिसलं तरी पुरे. पावसाळ्यात व्हरांड्यात बसून पागोळ्या बघता येतात. अनवाणी चालवू नका, काचा-काटे असतात. बसवण्याआधी जमिनीवर मुंग्या नाहीत ना, तेही बघा.

एका वेळी ४० मुलांपर्यंतच घेतो. चार तुकड्या एकत्र केल्या तर रांगा लावण्यातच वेळ जातो. खरं तर आमच्यापेक्षा रोज भेटणाऱ्या वर्गशिक्षकांनी हे घेतलेलं जास्त चांगलं. त्यासाठी आम्ही शिक्षकांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतो. एका तुकडीचं पहिलं सत्र विनामूल्य आहे. जून-जुलैच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा शाळेचं वेळापत्रक पक्कं करण्याआधी कळवा.