जीव वाचवायचं प्रशिक्षण वेगळं, गाव उभं करायचं वेगळं

आपत्ती व्यवस्थापनाच्या युवा शिबिरांचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. दोराच्या गाठी, स्ट्रेचर, सीपीआर, मलमपट्टी आणि शेवटी प्रमाणपत्र. मग समारोपाच्या भाषणात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हीच मुलं उद्या गाव पुन्हा उभं करतील.’ या वाक्याची मला मनापासून चीड येते. गाव उभं करण्यातलं एक अक्षरही त्या मुलांना शिकवलेलं नसतं.

बचाव आणि मदतकार्य आपल्याला ओळखीचं आहे. हुकूम वरून येतो, पथक तो पाळतं, वेग महत्त्वाचा. मोजमापंही तयार असतात: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, हे ‘स्फिअर’चे, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या किमान मानकांचे, निकष. ढिगाऱ्याखाली माणूस अडकलेला असताना सभा भरवायची नसते, ते योग्यच आहे. पुनर्उभारणीला वर्षं लागतात आणि पैसा जास्त लागतो, हेही सगळे जाणतात.

गल्लत होते ती निर्णयाच्या मालकीत. मदतकार्यात निर्णय पथकाचा असतो, पुनर्उभारणीत तो आपद्ग्रस्तांचा असायला हवा. तिथे म्होरक्या तरुणानं निर्णय घ्यायचा नाही. लोकांना तो घेता येईल आणि घेतलेला टिकेल, एवढी तजवीज त्यानं करायची.

हे किती अवघड असतं ते नुकसानीची यादी वाचायला घेतली की कळतं. एका छपराखाली तीन भाऊ, तीन चुली, पण घर वडिलांच्या नावावर, म्हणून यादीत एकच कुटुंब. मागच्या खोलीतला भाडेकरू नाहीच. विधवा सुनेचं नुकसान सासऱ्याच्या नावाखाली गेलेलं. बचावात तरबेज झालेला मुलगा अशी यादी गावातल्या वजनदार माणसाकडून घेतो आणि संध्याकाळच्या आत वर पाठवतो. त्याला वेगाचीच शाबासकी मिळत आलेली असते. पुनर्उभारणीसाठी तयार झालेली मुलगी तीच यादी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते. प्रत्येक नावाशी थांबून विचारते, ‘इथं चुली किती?’ हरकत तिथल्या तिथे लिहून घेते. सभेत जे गप्प राहिले त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी जाते. यात दोन दिवस जास्त जातात. ते जाऊ द्यावेत, असं माझं ठाम मत आहे, कारण यादीतून सुटलेलं घर पुढच्या प्रत्येक हप्त्यातून सुटतं.

मोठ्या प्रमाणावरही हेच दिसलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सर्वाधिक पडझड झालेली गावं नव्या जागी, आखीव प्लॉटांवर वसवली गेली. त्या सरळ रेषांत जुन्या गल्ल्या आणि शेजार बसला नाही. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर बहुसंख्य घरांचे पैसे हप्त्यांनी घरमालकालाच दिले. बांधकाम त्यानं करून घ्यायचं, तपासणी झाली की पुढचा हप्ता. अशा पद्धतीत स्वयंसेवकाच्या हाती फावड्यापेक्षा कागद जास्त येतो: बँक खातं, ओळखीचे पुरावे, इंजिनिअरच्या भेटीची तारीख.

फावड्याला मी कमी लेखत नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये २०१० आणि २०११ च्या भूकंपांनंतर स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मीच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यांवर आणि अंगणांत वर आलेला गाळ उपसला, ते काम मोलाचंच होतं. पण पुढे तिथल्या काही वस्त्यांतली हजारो घरं सरकारनं विकत घ्यायला काढली. देऊ केलेली रक्कम घ्यावी की नाही, हे ठरवताना कुटुंबांना वेगळ्याच मदतीची गरज होती.

बाहेरून आलेल्या पथकांवर पुनर्उभारणीचं नेतृत्व सोपवणं मला मुळीच पटत नाही. ती परत जाणार असतात. नेतृत्व तिथल्याच तरुणांकडे हवं, आणि म्हणूनच त्यांचंही घर पडलेलं असू शकतं हे प्रशिक्षकांनी धरून चालावं. त्यांचा स्वतःचा अर्ज आधी भरून घ्यावा, प्रत्येक कामाला दोघं नेमावेत, सुट्टीचा दिवस वेळापत्रकातच लिहावा.

शिबिर पाच दिवसांचं असेल, तर गाठी आणि स्ट्रेचर दोन दिवसांत उरका. उरलेले तीन दिवस मुलांकडून खोट्या नावांची यादी भर सभेत वाचून घ्या, आणि समोर भांडायला गावातली खरी माणसं बसवा.