क्लाउड-स्थलांतर, शासकीय

शासकीय कार्यालयांच्या डेटा सेंटरमधल्या जुन्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणाली, त्यांतल्या सर्व नोंदींसह, इंटरनेटवरून मागणीप्रमाणे मिळणाऱ्या सामायिक संगणकव्यवस्थेवर म्हणजे क्लाउडवर नेण्याची प्रक्रिया. फेरफार, मालमत्ता कर, जन्म-मृत्यू नोंद, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला ही कामे अशा प्रणालींवरच चालतात. त्यामुळे नागपूरच्या तहसील कार्यालयात ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे ऐकून परतणाऱ्या माणसाचा या विषयाशी अगदी थेट संबंध आहे. बाहेरगावाहून आलेल्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

सरकारी दप्तर हलवण्याची नागपूरला जुनी सवय आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरवण्याचे ठरले आणि राज्यनिर्मितीपासून हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालयातले विभाग फायली घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये मुक्कामाला येऊ लागले. पेट्या भरण्याआधी कोणती फाईल लागेल, कोणती मुंबईत राहिली तरी चालेल आणि कोणती फाईल दुसरीवाचून निरुपयोगी आहे, हे प्रत्येक कक्षाला ठरवावे लागते. क्लाउड-स्थलांतराची सुरुवातही अशाच यादीने होते. कार्यालयात नेमक्या किती प्रणाली चालतात, त्या कोणी लिहिल्या, कोणती प्रणाली कोणाकडून माहिती घेते, हे अनेकदा कागदावर नसते. एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की दोन प्रणालींमधला दुवाही त्याच्याबरोबर जातो. यादीला दिलेला वेळ पुढे कैक पटींनी वाचतो, म्हणून सर्वांत अनुभवी माणसे याच टप्प्यावर बसवायला हवीत.

सरकारी संगणकीकरणाचे काम पाहणारे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र १९७६ मध्ये स्थापन झाले. राष्ट्रीय ई-शासन योजना २००६ मध्ये आली आणि तिच्या अंतर्गत राज्यांची डेटा सेंटर उभी राहिली. त्या काळी घेतलेली यंत्रे आता थकली आहेत. सर्व्हरचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षे धरतात; त्यानंतर सुटे भाग मिळेनासे होतात. प्रणालीचा पायाही जुना होतो : विंडोज सर्व्हर २००८ या, सर्व्हर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे उत्पादकाने १४ जानेवारी २०२० रोजी सर्वसाधारणपणे थांबवले. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी शिफारस आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात एसी बंद पडलेली सर्व्हर रूम किती वेळ तग धरेल, याचा अंदाज नागपूरकरांना सांगायला नको.

एकाच इमारतीवर विसंबण्याचा धोका दक्षिण कोरियात दिसला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याच्या कामादरम्यान आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा ठप्प झाल्या. कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती जळाली. तिची दुसरीकडे प्रत नव्हती. योगायोग असा की तोही साठा क्लाउडच म्हणवला जात होता. नावाने संरक्षण मिळत नाही. दूरच्या, वेगळ्या भूकंप-क्षेत्रातल्या ठिकाणी ठेवलेली प्रत आणि ती परत उभी करून पाहण्याचा नियमित सराव, यांनीच ते मिळते.

केंद्र सरकारने ‘मेघराज’ हा शासकीय क्लाउडचा उपक्रम आखला आणि त्यातले राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. खासगी पुरवठादारांना लेखापरीक्षण करून शासकीय यादीत घेतले जाते. माहिती भारतातच ठेवणे ही त्यांच्यावरची अट आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले.

प्रणाली हलवण्याच्या रीती अनेक आहेत. जशीच्या तशी उचलून नव्या जागी ठेवणे सर्वांत झटपट, पण जुने दोषही सोबत येतात. फक्त खालचा, नोंदी साठवणारा डेटाबेस बदलता येतो, किंवा सगळे नव्याने लिहिता येते. एखादी प्रणाली कोणीच वापरत नसते. ती बंद करणे हेच उत्तम.

मराठी कार्यालयांत यापुढे एक खास अडचण उभी राहते, ती लिपीची. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले संकेत देणारी सामायिक पद्धत, रुळण्याआधी नोंदी निरनिराळ्या फॉण्टांच्या सांकेतिक रूपांत टंकल्या जात. फॉण्ट गेला की अक्षरांची रांगोळी विस्कटते. रूपांतर केल्यावरही खाचखळगे राहतात. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो : एक ऱ ला हलन्त जोडून, दुसरी र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. वारसनोंद करायला आलेल्या माणसाच्या वडिलांचे नाव समोर असूनही शोधात सापडत नाही, आणि दोष त्याच्या कागदांत शोधला जातो. असे रूपांतर केवळ यंत्रावर सोडू नये. गावची नावे, आडनावे ओळखणाऱ्या महसूल कर्मचाऱ्याने नमुने वाचून पाहिलेच पाहिजेत.

प्रत्यक्ष बदल बहुधा सुट्टीच्या रात्री करतात. जुन्या प्रणालीत नव्या नोंदी घेणे थांबवायचे, शेवटचा बॅकअप घ्यायचा, दोन्हीकडच्या नोंदींची संख्या आणि बेरजा जुळवायच्या. जुळले नाही तर सकाळच्या आत मागे फिरण्याची वाट उघडी ठेवायची. तारीखही जपून निवडावी लागते. बारावीचा निकाल लागला की प्रवेशासाठी दाखल्यांची झुंबड उडते. ते दिवस टाळायचे. एरवी हीच गर्दी क्लाउडच्या बाजूने बोलते, कारण तेवढ्या काळापुरती क्षमता वाढवून नंतर कमी करता येते.

खर्चाची घडी मात्र बदलते. सर्व्हर एकदाच विकत घेतला जाई, क्लाउडचे बिल दरमहा येते. वार्षिक तरतुदीवर चालणाऱ्या कार्यालयात न वापरलेली यंत्रे चालू राहिली तर पैसे नकळत गळत राहतात. जोडणीचाही प्रश्न आहे. पूर्वी सातबाऱ्याच्या नोंदी तालुक्याच्या ठिकाणच्या सर्व्हरवर असत आणि बाहेरची लाइन तुटली तरी तिथले काम चाले. आता रस्ता खोदताना केबल तुटली की सगळी खिडकी थांबते. नागपूर विभागात गडचिरोलीच्या जंगलातले तालुकेही येतात. तिथे दुसऱ्या मार्गाची जोडणी आधी आणि स्थलांतर नंतर, हाच क्रम योग्य.

स्थलांतरानंतर जुने सर्व्हर लगेच भंगारात काढत नाहीत. काही काळ ते फक्त वाचण्यापुरते चालू ठेवतात, जुन्या टेपवरच्या नोंदी अजून उघडतात का ते तपासतात. मग डिस्कवरची माहिती पुन्हा वाचता येणार नाही अशी पुसतात किंवा डिस्क फोडतात, आणि तसा दाखला घेऊनच यंत्र जडवस्तू नोंदवहीतून कमी करतात.