समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते का?

गोवा आणि कर्नाटक यांच्यातील म्हादई नदीच्या पाणीतंट्याची बातमी आली की तिच्या मागोमाग एक वाक्य हमखास ऐकू येते: नाहीतरी हे पाणी समुद्रात वायाच जाते. सीमेपलीकडच्या नेत्यांनी असे म्हणावे यात नवल नाही. परंतु परवा पणजीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका गोमंतकीय गृहस्थांनीही वर्तमानपत्राची घडी घालताना तेच म्हटले. माझे उतरण्याचे ठिकाण आल्यामुळे उत्तर अर्धेच राहिले, ते येथे पुरे करतो.

प्रथम तंट्याविषयी थोडक्यात. बेळगाव जिल्ह्यातील कणकुंबीच्या परिसरात सह्याद्रीची पाणलोट रेषा आहे. तेथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरास जाते, तर त्याच परिसरातला कळसा नाला पश्चिमेकडे उतरून म्हादईच्या खोऱ्यात येतो. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाड भागाची तहान भागवावी, ही कर्नाटकाची जुनी योजना. आंतरराज्य नदी जलविवाद कायदा, १९५६ अन्वये २०१० साली लवाद नेमला गेला आणि न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखाली त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) असे वाटप झाले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी पाणी खोऱ्याबाहेर नेण्यास मुभा मिळाली, मागणी ७.५६ टीएमसीची होती. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, २०२० मध्ये निवाडा अधिसूचित झाला, आणि २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ नावाच्या प्राधिकरणाला मंजुरी दिली.

लवादाने खोऱ्यातील पाणी १८८.०६ टीएमसी धरले आहे. हा आकडा सरासरीचा नसून ‘७५ टक्के विश्वासार्हते’चा आहे, म्हणजे चारांपैकी तीन वर्षांत निदान इतके पाणी येईल असा. त्यातले ३.९ म्हणजे शंभरातले जेमतेम दोन. एवढ्यासाठी एवढा आकांत कशाला, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी की टीएमसी हे घनफळाचे माप आहे आणि त्याला महिना नसतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळतो. काचेच्या ग्लासात साधे पाणी घेऊन त्याच्या कडेने चमचाभर कोकमाचे आगळ अलगद सोडावे. मीठ घातलेले ते जांभळट आगळ पाण्यात लगेच मिसळत नाही. काचेला धरून खाली घसरते आणि तळाशी पसरते. मांडवीच्या, म्हणजे खाली उतरलेल्या म्हादईच्याच, मुखाशी हेच घडते, फक्त आडव्या दिशेने. समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे एक घनमीटर समुद्रजल नदीच्या पाण्यापेक्षा साधारण २५ किलोने जड असते. समजा, खाडी पाच मीटर खोल आहे, एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला गोडे पाणी. पाच मीटर समुद्रजलाचा तळावरचा दाब गोड्या पाण्याच्या पाच मीटर साडेबारा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका भरतो. नदीच्या बाजूची पातळी या साडेबारांपैकी निम्मी, म्हणजे सहा सेंटिमीटरभर, उंच राहिली तर वरच्या थरात नदीचा दाब सरस ठरून पाणी समुद्राकडे जाते आणि तळाशी समुद्राचा दाब सरस ठरून खारे पाणी आत शिरते. एकाच वेळी, एकाच पात्रात, वरचा प्रवाह बाहेर आणि खालचा आत. यात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा हे थर घुसळते आणि प्रत्येक भरतीसोबत थोडे मीठ आणखी आत ढकलते. मांडवीत भरतीची हालचाल मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवते.

या मिठाला मागे रेटणारी शक्ती एकच, नदीचा प्रवाह. म्हणजे जे पाणी ‘वाया जाते’ ते जाता जाता दाराशी उभे राहून समुद्राला अडवत असते.

किती अडवते, याचे पाठ्यपुस्तकी गणित मोठे रंजक आहे. स्थिर अवस्थेतील खाडीत, तळाच्या प्रवाहाचे प्राबल्य असेल तर, क्षारांच्या शिरकावाची लांबी नदीच्या प्रवाहाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. खारे पाणी निम्म्या अंतरापर्यंत मागे हटवायचे तर प्रवाह आठपट हवा; उलट प्रवाह दहा टक्के घटला तर खारेपणा केवळ साडेतीन टक्के आत सरकतो. हे वाचून आमचा प्रतिपक्ष खूश होईल. परंतु गोव्याच्या खाड्या स्थिर अवस्थेत कधी नसतातच, हे दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे, आणि सूत्र येथेच कोलमडते. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऐन पावसाळ्यात खारे पाणी मुखापर्यंत रेटले जाते आणि पणजीच्या धक्क्यालगतचे वरचे पाणी जवळपास गोडे असते. पाऊस ओसरला की मीठ परतीला लागते. भरतीमागून भरती, मंद गतीने, थेट मेअखेरपर्यंत. ते आपल्या अंतिम मुक्कामाला पोचण्याआधीच पुढचा पावसाळा त्याला हुसकावून लावतो. म्हणून मे महिन्यात खारेपणा कोठवर पोचेल हे मे महिन्याच्या प्रवाहापेक्षाही त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रवासाला कधी सुरुवात केली यावर अवलंबून राहते.

येथे थोडा हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. ३.९ टीएमसी पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत समान उचलले तर ते सेकंदाला साधारण साडेदहा घनमीटर होते. याच काळात, वर्षाच्या पाण्यातला नव्वद टक्के हिस्सा येतो असे धरले तर, खोऱ्यातून सेकंदाला सरासरी साडेचारशे घनमीटर वाहते. जुलैच्या पुरातून उचललेल्या साडेदहांनी खाडीच्या खारेपणात फारसा फरक पडणार नाही. गोव्यातल्या पुष्कळांना हे रुचणार नाही, पण ते तसे आहे. (अभयारण्यातील ओढ्यांचा प्रश्न वेगळा; तेथे वन्यजीव कायद्याचे २९ वे कलम प्रवाह वळवण्याच्या आड येते.) तेच साडेदहा घनमीटर नोव्हेंबरात नाहीसे झाले तर मिठाचा प्रवास आधीच सुरू होईल.

आपल्या बाजूचा अतिरेकही तपासायला हवा. कळसा वळवला की पणजीचे नळ कोरडे पडतील, असे सभांमधून सांगितले जाते. पणजीला पाणी पुरवणारा ओपाचा प्रकल्प खांडेपार नदीवर आहे आणि ती नदी दूधसागराच्या बाजूने येते. कळशाचे पाणी तिच्यात येत नाही. आमच्या वाड्यावर एका जाणत्याने तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून विहिरीची जागा दाखवली होती. पाणी लागले, आणि पुढच्या मे महिन्यात ते मचूळ झाले. जांभ्यात खणले की बहुधा पाणी लागतेच. क्षार मात्र नारळाला मोजता येत नाहीत. सभेतल्या वक्त्यालाही येत नाहीत.

खरा धोका खाजनांना आहे. बांधाच्या आडची ही भरतीच्या पातळीखालची शेते आणि त्यांची राखण करणारे मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दरवाजे, मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मानसाची लाकडी झडप अशी बसवलेली असते की भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानेच ती खटकन मिटते, आणि ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून निघून जाते. फटीतून झिरपणाऱ्या पाण्याची चव बोटावर घेऊन, यंदा खार लवकर चढला, असे जुने राखणदार सांगत. कोरगुट हे भात क्षार सोसते खरे, पण तेही पावसाने माती धुऊन दिल्यावरच लावतात.

शिवाय मिठाला आत बोलावण्यात आपलाही हात आहे. तळाच्या प्रवाहाचा वेग पात्राच्या खोलीच्या घनाच्या पटीत वाढतो. खोली दहा टक्के वाढली तर, इतर सर्व तसेच राहिल्यास, वेग तेहेतीस टक्के वाढतो. वाळू उपसून पात्र खोल करणारा कणकुंबीला गेलेला नसतो. लवादापुढे टीएमसीचा हिशेब मांडणे सोपे असते, कारण तो कागदावर मावतो; गांजेचा प्रवाह आणि खाडीतल्या पाच-सहा ठिकाणची तळाची क्षारता, ऑक्टोबर ते मे, दर पंधरवड्याच्या उधाणाला मोजलेली, अशी नोंदवही मात्र दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींसमोर एकाच टेबलावर ठेवावी लागेल. ‘प्रवाह’कडून माझी पहिली अपेक्षा या नोंदवहीची आहे, आणि तिचा पहिला रकाना टीएमसीचा नसून तारखेचा असावा.