खोबरेल : प्रत आणि पारख

खोबरेल म्हणजे नारळाच्या गरापासून काढलेले तेल. केरळ, कर्नाटकाची किनारपट्टी, गोवा आणि तळकोकणात ते स्वयंपाकात वापरले जाते. घाटावर आणि विदर्भ-मराठवाड्यात मात्र ते प्रामुख्याने डोक्याला लावायचे तेल आहे. दिवाळीच्या अभ्यंगापासून तान्ह्या बाळाच्या मालिशीपर्यंत ते घराघरांत लागते. इतक्या ओळखीच्या या तेलाची पारख मात्र बहुतेक गिऱ्हाइके रंग, वास आणि बाटलीवरचा मजकूर एवढ्यावरच करतात. प्रत्यक्षात खोबरेलाची प्रत घाण्यावर फारशी ठरत नाही. घाण्यात पडण्याआधी खोबरे कसे वाळले, यावर ती ठरते.

ताज्या ओल्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. तेलासाठी ते वाळवून पाण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आणावे लागते. अशा सुक्या खोबऱ्यात ६० ते ६८ टक्के तेल भरते. कडक ऊन असेल तर नारळ फोडून वाट्या उन्हात घातल्यावर आठवड्याभरात काम होते. पावसाळी हवेत किंवा घाईत माल अर्धवट वाळलेला उचलला, की त्यावर बुरशी धरते. बुरशीतील विकरे आणि उरलेला ओलावा मिळून तेलाचे विघटन करतात आणि त्यातली मेदाम्ले सुटी होतात. खवट, साबणासारखा वास आणि जिभेवर रेंगाळणारी किंचित कडवट चव ही त्याची खूण. काही बुरशींमुळे अफ्लाटॉक्सिन हे विषही खोबऱ्यात तयार होते. म्हणून असे खोबरे केवळ वासापुरते वाईट नसते, ते खाण्यालायकच राहत नाही.

ऊन नसेल तेव्हा वाट्या करवंट्या आणि सोडणांच्या (नारळाच्या तंतुमय सालींच्या) जाळावर भट्टीत वाळवतात. धूर थेट खोबऱ्याला लागला तर तेल पिवळट निघते, त्याला धुरकट वास येतो आणि धुरातील घातक संयुगेही त्यात उतरतात. धूर बाहेरच्या बाहेर सोडून फक्त गरम हवा वाटीपर्यंत नेणारे वाळवणीयंत्र यासाठीच वापरले जाते. काही ठिकाणी बुरशी टाळण्यासाठी आणि माल पांढरा दिसावा म्हणून खोबऱ्याला गंधकाची धुरी देतात. त्यामुळे वाटी फार पांढरीशुभ्र दिसली म्हणून ती उत्तमच, असे समजू नये.

स्वतः खोबरे घेऊन लाकडी घाण्यावर तेल काढून आणणाऱ्यांना ही पारख हाताने करता येते, आणि पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात असे घाणे आता पुन्हा चालू झाले आहेत. नीट वाळलेल्या वाटीचा तुकडा दोन्ही हातांनी दाबला की कट्कन तुटतो. ओलसर वाटी वाकते, चिवट लागते आणि तुटताना तिची कड फाटते. तुटलेली बाजू आतपर्यंत पांढरी आणि तेलकट दिसायला हवी. मध्येच पिवळी किंवा तपकिरी रेघ असेल, वाटीच्या खोलगट बाजूला काळे-हिरवे ठिपके असतील, तर ती बाजूला काढावी. ठिपके पुसून खोबरे चांगले होत नाही, कारण बुरशीचा परिणाम आत गेलेला असतो. खवट वाटी नाकाजवळ धरताच कळते. अशा मूठभर वाट्यांनी सगळ्या घाण्याचे तेल बिघडू शकते, तेव्हा निवडायला लागणारा वेळ सार्थकी लागतो.

महाराष्ट्रात कोकणातले नारळ बरेचसे ओलेच, वाटणात आणि चटणीत संपतात. तेलाचे खोबरे मोठ्या प्रमाणावर केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतून येते. तमिळनाडूतले कांगेयम हे या व्यापाराचे मोठे ठिकाण. कर्नाटकातले तिपटूर गोटा खोबऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे अखंड नारळ कित्येक महिने सावलीत ठेवून आतले पाणी आटू देतात. हा गोटा मुख्यतः खाण्यासाठी विकला जातो, तेल बहुधा वाटीचेच काढतात.

बाजारातल्या खोबरेलाचे मुख्य प्रकार तीन. घाण्यावर किंवा एक्स्पेलरमध्ये (तेल दाबून काढणाऱ्या यंत्रात) सुक्या खोबऱ्यापासून काढून फक्त गाळलेले तेल हा पहिला प्रकार. त्याला खोबऱ्याचा खमंग वास असतो. दुसरा प्रकार रिफाइंड तेलाचा. त्यात तेलातील आम्ले काढून टाकतात, रंग शोषून घेतात आणि जास्त तापमानाला वाफ सोडून वास घालवतात. रिफाइंड म्हणजे भेसळीचे नव्हे. वासाची गरज नसलेल्या तळणीला ते सोयीचेही असते, कारण ते २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापेपर्यंत धूर सोडत नाही. न शुद्ध केलेले तेल १७५ अंशांच्या आसपासच धुरावू लागते. पण शुद्धीकरणात खवटपणा आणि पिवळेपणा निघून जातो, त्यामुळे मूळ खोबरे कसे होते हे रिफाइंड तेलाच्या वासा-रंगावरून ओळखता येत नाही. तिसरा प्रकार व्हर्जिन खोबरेलाचा. ते सुक्या खोबऱ्याऐवजी ओल्या गरापासून किंवा नारळाच्या दुधापासून काढतात. ते पाण्यासारखे स्वच्छ आणि सौम्य वासाचे असते. आंतरराष्ट्रीय नारळ समुदायाच्या (पूर्वीचा आशियाई-प्रशांत नारळ समुदाय) मानकानुसार व्हर्जिन तेलात सुटी मेदाम्ले ०.२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावीत. कोकणात घाण्याशिवाय हाताने पिळून काढलेले मुठेल आणि केरळात नारळाचे दूध कढवून बाळांसाठी काढले जाणारे उरुक्कु वेळिच्चेण्ण यांचे नाते याच प्रकाराशी आहे. मात्र कढवलेल्या तेलाचा रंग किंचित सोनेरी येतो आणि तो दोष नाही.

‘कोल्ड प्रेस्ड’, म्हणजे आच न देता दाबून काढलेले, या शब्दांवर फार विसंबू नये. बाहेरून आच दिली नाही, तरी दाबताना घर्षणाने तेल तापतेच, आणि बुरशी धरलेले खोबरे थंड दाबले म्हणून त्याचे तेल चांगले होत नाही.

खोबरेलात सुमारे ९० टक्के संतृप्त मेदाम्ले असतात, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास एकटे लॉरिक आम्ल. त्यामुळे हवेने खराब होण्याचा वेग शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाच्या मानाने फार कमी असतो. या तेलाचा खरा शत्रू पाणी. खोबरेल सुमारे २४ अंशांना गोठते, म्हणून पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात बाटलीत घट्ट होते आणि मुंबईत बहुतेक वेळा पातळ राहते. गोठणे-वितळणे कितीही वेळा झाले तरी प्रत उतरत नाही. सावकाश गोठलेले तेल रवाळ होते, पटकन गोठलेले गुळगुळीत. ही दोन्ही रूपे शुद्ध तेलाचीच.

फ्रीजमध्ये ठेवून शुद्धता पाहण्याचा घरगुती उपाय सर्वश्रुत आहे. काचेच्या पेल्यात तेल ठेवले आणि सगळे एकसारखे पांढरे गोठले तर ते शुद्ध, वर किंवा मध्ये पातळ थर राहिला तर भेसळ, असा हिशेब. पामोलीन (पामतेलाचा पातळ भाग) किंवा पातळ पॅराफिन (खनिज तेल) बरेच मिसळले असेल तर तो थर दिसू शकतो, तेवढ्यापुरता हा उपाय बरा. पण पामच्या बियांपासून काढलेले पामकर्नेल तेल याला दाद देत नाही. त्यातही लॉरिक आम्लच मुख्य असते आणि तेही जवळपास त्याच तापमानाला गोठते. ही भेसळ फक्त प्रयोगशाळेत सापडते. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार खोबरेलाचा आयोडीन अंक (असंतृप्त मेदाम्लांच्या प्रमाणाचे माप) ७.५ ते १० असावा लागतो. पामकर्नेल तेलाचा तो साधारण १४ ते २१ असतो, त्यामुळे अंक चढलेला दिसला की संशय घेतात आणि मेदाम्लांची छाननी करून खात्री करतात. याच मानकांत न शुद्ध केलेल्या तेलासाठी आम्ल अंकाची (सुट्या मेदाम्लांच्या मापाची) मर्यादा ६, तर रिफाइंडसाठी ०.५ आहे. म्हणजे कायद्याच्या कसोटीला उतरलेले तेलही चवीला सुमार असू शकते.

भेसळ किती पसरते याची कल्पना केरळच्या अनुभवावरून येते. २०१८ मध्ये तेथील अन्नसुरक्षा आयुक्तांनी खोबरेलाच्या अनेक ब्रँडांवर भेसळीमुळे बंदी घातली, तीही एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा. २०२५ मध्ये खोबऱ्याचे भाव कडाडले आणि केरळात तेल किलोमागे ४०० रुपयांच्या वर गेले, तेव्हा ही भीती पुन्हा जागी झाली.

सामान्य गिऱ्हाइकाकडे भेसळ ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे साधे अंकगणित. एक किलो तेलाला सुमारे दीड किलो सुके खोबरे लागते, म्हणजे दहा-बारा नारळ. बाजारात तेलाच्या खोबऱ्याचा किलोचा भाव विचारावा आणि त्याची दीडपट करावी. दळणावळ, बाटली, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा त्यावर चढतो. पेंड विकून येणारे थोडे पैसे तेवढे वजा होतात. बाटलीतल्या तेलाची किलोमागची किंमत या दीडपटीच्याही खाली असेल, तर आत निव्वळ खोबरेल असणे व्यवहारात बसत नाही. महाग तेल शुद्ध असेलच असे नाही, पण फार स्वस्त तेल शुद्ध असत नाही.

लेबलावर समोरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत. खाद्यतेलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका असतो. घटकांत फक्त खोबरेल लिहिलेले असावे. ‘ब्लेंडेड’ खाद्यतेल म्हणजे दोन तेलांचे मिश्रण, समोर नारळाचे चित्र असले तरी. सुवासिक केशतेलांत पुष्कळदा हलके पॅराफिन हा मोठा घटक असतो. ते खाण्यासाठी नसते आणि बाळाच्या अंगालाही त्यापेक्षा साधे खोबरेल बरे. उत्पादनाची तारीख जितकी अलीकडची तितके चांगले. शुद्ध खोबरेलावर अ‍ॅगमार्कचा (शेतमालाच्या सरकारी प्रतवारीचा) शिक्का ऐच्छिक आहे, पण असल्यास तो प्रतवारीचा उपयोगी पुरावा ठरतो. सुटे खाद्यतेल विकण्यावर नियमाने बंदी आहे, राज्याने सूट दिली असेल तरच ते विकता येते.

लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, यावर करखाते आणि उत्पादक यांच्यात वर्षानुवर्षे वाद होता, कारण केशतेलावरचा कर खाद्यतेलावरच्या करापेक्षा जास्त होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केशतेल ठरत नाही. स्वयंपाकासाठी घेणाऱ्याने तरीही बाटलीवर ‘खाद्य’ असा उल्लेख आहे ना, हे पाहावे.

आहाराच्या दृष्टीने खोबरेलाविषयी अवास्तव दावे पुष्कळ होतात. संतृप्त मेदाचे प्रमाण रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. खोबरेल त्या हिशेबात धरावेच लागते. सोलकढीबरोबरच्या माशाच्या कालवणात किंवा केरळी अवियलवर वरून सोडलेल्या चमचाभर तेलात त्याची चव मोलाची आहे, पण म्हणून ते औषध ठरत नाही.

घरी आणलेले तेल कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, झाकण घट्ट लावून, उन्हापासून दूर ठेवावे. तांब्याचे किंवा गंजलेले लोखंडी भांडे वापरू नये. ओला चमचा किंवा ओले बोट आत गेले की वर सांगितलेले विघटन बाटलीतच सुरू होते. घाण्यावरून आणलेले ताजे तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवून खाली बसलेला गाळ सोडून वरचे तेल ओतून घ्यावे, कारण त्या गाळात ओलावा धरून राहतो. थंडीत गोठलेली बाटली कोमट पाण्यात उभी करावी, विस्तवावर थेट ठेवू नये.