पोलादी कडं रिमवर चढतं कसं?

मोटरसायकलच्या टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारेचं एकेक कडं असतं. त्याला बीड म्हणतात. ते ताणलं जात नाही, आणि त्याचा व्यास रिमच्या बाहेरच्या काठापेक्षा कमी असतो. मग टायर चढतो-उतरतो कसा? घरी पहिल्यांदा टायर काढायला बसलेला माणूस याचं उत्तर टॉमीवर, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीवर, जोर काढून शोधतो. जोराने कडं मोठं होत नाही. फार तर टॉमी निसटून हनुवटीवर बसते.

उत्तर रिमच्या पोटात आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट चर असतो. तारेच्या कडेचा टायर आणि अशी चराची रिम यांचं पेटंट चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी १८९० मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. आजही मोटरसायकलची चाकं त्याच कल्पनेवर चालतात. कड्याची एक बाजू चरात ढकलली की अख्खं कडं तिकडे सरकतं आणि समोरच्या बाजूला तेवढीच मोकळीक मिळते. म्हणून टॉमी घालायची त्याच्या बरोबर समोर गुडघ्याने टायर दाबून धरायचा, आणि एका वेळी दोन-तीन बोटांएवढाच भाग ओढायचा. शेवटची वीतभर कड हटूनच बसली, तर समोरचं बीड चरातून वर आलंय असं खुशाल समजा. टॉमी सोडा, पुन्हा समोर जा.

कडेला साबणाचं पाणी लावावं, तेल किंवा ग्रीस नाही. साबण वाळतो, तेल राहतं, रबर खराब करतं आणि जोरात ब्रेक लागल्यावर टायर रिमवर फिरू शकतो. ट्यूब असेल तर व्हॉल्व्हच उपटला जातो. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली की ती गोल राहते आणि टॉमीखाली चिमटत नाही. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघायला विसरू नका. हवा भरल्यावर बीडजवळची बारीक उठावदार रेघ पाहा: ती रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, तरच टायर नीट बसला.

आता बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. १७ इंची रिमच्या काठावर फक्त १० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरू. ताशी ५० किलोमीटरला ते चाकाला साधारण अर्ध्या किलोच्या जोराने बाहेर खेचतं. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते, म्हणजे १०० ला जवळजवळ दोन किलो, आणि तीही चाकाबरोबर सेकंदाला सुमारे १५ फेऱ्या मारत. हँडल थरथरतं ते यामुळे. गावातल्या गावात चाळीसने फिरणाऱ्या १०० सीसी गाडीसाठी मी या भानगडीत पडणार नाही. हायवेवर जाणाऱ्याने मात्र पडावं.

यासाठी मशीन लागत नाही. चाकातून सरळ दांडा घालून तो सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर ठेवा आणि चाक हलकेच सोडा. जड बाजू आपोआप खाली जाते. वरच्या टोकाला खडूने खूण करून तिथे पाच ग्रॅमचं वजन टेपने तात्पुरतं लावा. मग ती खूण घड्याळातल्या तीनच्या जागी आणून सोडा, कारण फरक असलाच तर त्याचा पीळ इथे सर्वांत जास्त असतो. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबू लागलं की झालं. ब्रेकची प्लेट आधी काढून ठेवा. बेअरिंगच्या रबरी सीलचं घर्षणही फसवतं: पाच-दहा ग्रॅमचा फरक असूनही चाक ढिम्म राहतं. मोकळ्या फिरणाऱ्या बेअरिंगवर पातळ दांडा टेकवला तर खरं चित्र दिसतं. कारचं चाक रुंद असल्याने त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंचाही तोल पाहावा लागतो. मोटरसायकलच्या अरुंद चाकाला एवढं पुरतं.

वजनं कायमची चिकटवण्याआधी रिम स्पिरिटने पुसा, नाहीतर पहिल्या पावसातच ती गळतील. आणि रिमच आऊट, म्हणजे वाकडी, असेल, तर कितीही शिसं चिकटवा, थरथर जायची नाही. चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला) टेकवून रिमजवळ पेन्सिल धरून चाक फिरवलं की आऊट लगेच कळतं. स्पोकचं चाक असेल तर आधी स्पोक आवळून ते सरळ करून घ्यायचं, मगच खडू हातात घ्यायचा.