अपडेटनंतर काय टिकतं: ईटीसीमधली सेटिंग आणि पॅकेजच्या कोडमधला फेरफार

मराठवाड्यातल्या कॉलेजात, दवाखान्यात किंवा क्लासेसच्या ऑफिसात प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) सर्व्हर अपडेट करायची वेळ आली की हमखास विचारलं जातं, "सर, अपडेट मारलं तर आपण केलेलं सगळं जाईल का हो?" प्रश्न रास्त आहे. पण त्याला एकच उत्तर देता येत नाही, कारण "आपण केलेलं" म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरलेल्या असतात.

आपल्याकडच्या गरजेतूनच दोन उदाहरणं घेऊ. लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी संपत आली, तर व्हीएम नीट बंद व्हायला हवेत. त्यासाठी एनयूटी हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम बसवतात आणि यूपीएसचं नाव, पासवर्ड, शटडाउनची कमांड ईटीसी (/etc, सेटिंगचं फोल्डर) खालच्या एनयूटीच्या फाइलींत लिहितात. दुसरी गरज उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो. एसी बंद पडला तर प्रोसेसर किती तापलाय हे प्रॉक्समॉक्सच्या वेबपेजवरच दिसावं, म्हणून ते वेबपेज देणाऱ्या पीव्हीई-मॅनेजर या पॅकेजमधल्या पर्लच्या आणि जावास्क्रिप्टच्या फाइलींत चार ओळी घुसवतात. दोन्ही कामं रूट या मुख्य खात्यानेच केली, दोन्ही नॅनो हा एडिटर उघडूनच केली, त्यामुळे करणाऱ्याला ती सारखीच वाटतात. अपडेट आलं की पहिला बदल जागेवर राहतो. दुसरा पुसला जातो आणि त्याबद्दल कुणी तुम्हाला विचारतही नाही.

प्रॉक्समॉक्स डेबियन या लिनक्सवर उभं आहे आणि डेबियनमध्ये फाइली बसवण्या-काढण्याचं काम डीपीकेजी (dpkg) हा प्रोग्रॅम करतं. पॅकेज ईटीसीमध्ये जी फाइल आणतं, तिची नोंद सहसा कॉन्फफाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, म्हणून होते. डीपीकेजी अशा फाइलीच्या मूळ रूपाचा चेकसम (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जपून ठेवतं आणि अपडेटच्या वेळी तीन रूपं ताडून बघतं: मागच्या वेळी पॅकेजने दिलेलं, आत्ता डिस्कवर असलेलं आणि नव्या पॅकेजमध्ये आलेलं. तुम्ही हात लावलेला नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. फक्त तुम्हीच बदल केला असेल आणि पॅकेजने आपली फाइल तशीच ठेवली असेल, तर तुमची फाइल राहते. दोघांनीही बदल केला असेल तरच प्रश्न समोर येतो: वाय दाबलं तर नवी, एन दाबलं तर तुमची, डी दाबलं तर दोन्हींतला फरक. नुसतं एंटर मारलं तर तुमचीच राहते. नाकारलेली प्रतही टाकून दिली जात नाही. तुमची ठेवली तर नवी शेजारीच "डीपीकेजी-डिस्ट" अशी शेपटी लावून बसते, आणि नवी घेतली तर तुमची "डीपीकेजी-ओल्ड" म्हणून उरते. इतकंच काय, एखादी कॉन्फफाइल तुम्ही मुद्दाम काढून टाकली असेल, तर डीपीकेजी त्या निर्णयाचाही मान राखतं आणि ती स्वतःहून परत आणत नाही.

युएसआर (/usr, प्रोग्रॅमचं फोल्डर) खालच्या फाइलींना यातलं काहीच लागू नाही. तिथला प्रोग्रॅम पॅकेजच्या मालकीचा असतो. नवं पॅकेज आलं की जुनी फाइल जाते, नवी येते. प्रश्न नाही, शेपटी नाही, प्रत नाही. तिथे फेरफार करणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरच्या रानात विहीर खोदणं. म्हणून फाइल उघडण्याआधी ती कुणाच्या नावावर आहे ते बघा. डीपीकेजीला कॅपिटल एसचा पर्याय आणि फाइलीचा पत्ता दिला की मालक पॅकेजचं नाव मिळतं. कॅपिटल व्हीचा पर्याय तर अपडेटच्या आदल्या दिवशी चालवावाच. मूळ रूपापासून बदललेल्या फाइलींची यादी येते आणि कॉन्फफाइलच्या ओळीत छोटा सी असतो. ज्या ओळीत सी नाही, ती फाइल उद्या जाणार असं समजून तयारीला लागा.

यावर बरेच जण डीपीकेजी-डायव्हर्ट सुचवतात. त्याने पॅकेजची नवी फाइल दुसऱ्या नावाने उतरते आणि मूळ जागी तुमची राहते. मला हा उपाय प्रॉक्समॉक्सच्या कोडसाठी धोक्याचा वाटतो. बाकीचं पॅकेज नवं झालं आणि मधली एक पर्ल फाइल जुनीच राहिली, तर ती आता नसलेलं फंक्शन बोलवू शकते आणि वेबपेज उघडायचंच थांबतं. त्यापेक्षा बदलाचा पॅच, म्हणजे फक्त बदललेल्या ओळींची फाइल, वेगळा जपावा. अपडेट झाल्यावर आधी ड्राय-रनने, म्हणजे फाइल न बदलता, तो बसतोय का ते बघावं, मगच लावावा. पॅच बसला नाही तर निदान तसं स्पष्ट कळतं. एपीटीच्या हुकमधून (अपडेटनंतर आपोआप चालणाऱ्या कमांडमधून) आंधळेपणाने सेड हा मजकूर बदलणारा प्रोग्रॅम चालवला तर तेवढंही कळत नाही.

पण तापमानासाठी पॅकेजच्या कोडला हात लावायलाच हवा का? एलएम-सेन्सर्स या तापमान दाखवणाऱ्या टूलचे आकडे वाचून मोबाइलवर इशारा पाठवणारी छोटी स्क्रिप्ट युएसआर-लोकलमध्ये ठेवली तर डेबियनचं कुठलंही पॅकेज तिच्यावर फाइल टाकत नाही. रात्री दोन वाजता एसी बंद पडला तर वेबपेज बघायला कोण बसलेलं असतं? इशारा मात्र पोहोचतो. सेवांच्या बाबतीतही हाच मार्ग: सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची मूळ युनिट फाइल (सेवेची व्याख्या) बदलण्याऐवजी सिस्टिमसीटीएल एडिट वापरलं की तुमच्या ओळी ईटीसीखाली वेगळ्या फाइलीत जातात. व्हीएम सुरू होताना किंवा बंद होताना काही करायचं असेल तर हुकस्क्रिप्टची, म्हणजे त्या वेळी आपोआप चालणाऱ्या तुमच्या स्क्रिप्टची, सोय आहे. व्हीएमच्या सेटिंगची काळजी इथे नको. ईटीसी-पीव्हीईखाली दिसणाऱ्या त्या फाइली मुळात एका एसक्यूलाइट डेटाबेसमधून येतात आणि डीपीकेजी त्यांच्या वाटेला जात नाही. बॅकअप अर्थातच हवा.

आता कॉन्फफाइलबद्दलचा एक गैरसमज. फाइल टिकली म्हणजे बदल लागू राहिला, असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं प्रॉक्समॉक्स ९ हे डेबियन १३ वर आहे आणि डेबियन १३ मध्ये सिस्टिमडी ईटीसीमधली जुनी सिसकंट्रोल फाइल (sysctl.conf, कर्नलच्या सेटिंगची) वाचतच नाही. व्हीएमना इंटरनेट मिळावं म्हणून आयपी फॉरवर्डिंगची (नेटवर्कचा डेटा पुढे पाठवण्याची) ओळ तिथे लिहिली असेल, तर ती डिस्कवर असूनही निरुपयोगी होते. ती सिसकंट्रोल-डी या फोल्डरात स्वतःच्या वेगळ्या फाइलीत हलवावी लागते. प्रत्येक प्रश्नाला एन म्हणत सुटणंही म्हणूनच बरोबर नाही. एलव्हीएमच्या (डिस्कची विभागणी सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) सेटिंग फाइलीत तुम्ही स्वतः काही केलेलं नसेल तर आवृत्ती बदलताना नवी घेणंच बरं, कारण तिच्यात प्रॉक्समॉक्सला लागणारे बदल असतात. आधी डी, मग निर्णय.

प्रॉक्समॉक्स आठवरून नऊवर जाताना पीव्हीई-एट-टू-नाइन ही तपासणी आधी चालवा आणि अपडेट टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणाऱ्या टर्मिनलमध्ये) करा. आपल्याकडे लाइट किंवा नेट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि डीपीकेजी प्रश्न विचारत थांबलेलं असताना टर्मिनल तुटलं तर काम अर्धवट लटकतं.

एवढं करूनही अपडेटनंतर वेबपेज उघडलं नाही, तर घाबरून सर्व्हरचं बटण दाबू नका. व्हीएम स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालतात, वेबपेज पडलं तरी ते चालू राहतात. एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडून) आत जा, डायव्हर्ट केलेलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर मूळ फाइल पुन्हा दुसऱ्याच नावाने उतरेल. मग पीव्हीई-मॅनेजर रीइन्स्टॉल करा.